पोळ्याच्या आधीची शिंगं

अर्पिताचं आणि अभिषेकचं भांडण पेटलं ते लिफ्टमध्ये मेलेल्या एका माणसावरून.

दिग्रसच्या बसस्टँडच्या मागे अभिषेकचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, असलं सगळं. अर्पिता त्याची मावसबहीण, एडिटिंग तिच्याकडे. नवरानवरीच्या डोक्यावर कॉम्प्युटरमधून गुलाबाच्या पाकळ्या पाडून पाडून तिचा जीव मेटाकुटीला आलेला. चातुर्मासात लग्नं थांबतात, दुकानात माश्या मारायची वेळ येते. त्या दिवसांत ती शटर अर्धं ओढून घ्यायची आणि जुने इटालियन भयपट लावून बसायची. कुठून मिळवायची कोण जाणे! त्या सिनेमांत भिंती लालभडक, खिडक्या निळ्याशार, आणि बाई ज्या जिन्यावरून पळते त्या जिन्यावर हिरवा उजेड कुठून येतो ते त्या दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं. काळे हातमोजे घातलेला एक हात हळूच दाराची कडी उघडतो, मागे संगीताचा असा काही दणका की चहाचा कप टेबलावर थरथरतो. अर्पिता तहानभूक विसरून बघायची.

त्या दिवशी अभिषेकही शेजारी येऊन बसला आणि तिथंच गाडी बिघडली.

"थांबव, थांबव," तो म्हणाला. "हा मानूस तं लिफ्टमंदी मेला ना?"

"मेला."

"मंग छतावर कोन उभा हाय?"

"तोच."

"कसा काय?"

"मले काय मालूम!" अर्पिताचे डोळे पडद्यावरच. "तू ते पाह्य ना, त्याच्या टोपीवर जांभळा उजेड कसा पडून राह्यला."

"अवं, जांभळ्या उजेडानं मेलेला मानूस जित्ता होते का?"

"मंग तू खुर्ची मांगं काहून सरकवली?"

अभिषेकने खुर्ची होती तिथं आणली आणि मोबाइल काढून उगाच काहीतरी बघू लागला.

अभिषेक हा सरळ डोक्याचा माणूस. लग्नाचा व्हिडिओ करतानाही आधी हळद, मग मंगलाष्टकं, मग जेवणावळ, असा क्रम सोडायचा नाही. एकदा नवरदेवाच्या घड्याळात भलतीच वेळ दिसली म्हणून त्याने अख्खा शॉट काढून टाकला होता, आणि नवरदेवाच्या आत्याने त्यावरून त्याला बाजारात गाठून झाडलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच की गोष्टीत भोक पडलं की बघणारा तिथून बाहेर पडतो, आणि एकदा बाहेर पडलेला माणूस परत आत येत नाही. अर्पिताचं म्हणणं नेमकं उलटं. भीतीला कारण लागतं कशाला? माणूस आधी दचकतो, कारणं मागाहून शोधतो. ते इटालियन लोक हे ओळखून होते, म्हणून त्यांनी कारणांवर वेळच घालवला नाही. सगळी मेहनत उजेडावर, रंगांवर आणि आवाजावर.

"भेव का आधार कार्ड पाहून येते का?" तिने विचारलं.

"आधार कार्ड राहू दे. निदान मेलेला मेलेला तं राह्यला पाह्यजे."

हे भांडण चहाला चाललं, जेवणाला चाललं, मावशीसमोर चाललं. शेवटी अभिषेक वैतागून म्हणाला, "एवढंच हाय तं तू बनव ना बाप्पा तुहा पिच्चर! लाल-निळा कर, भोकं ठेव, अन् दाखव लोकाइले. हासले नाही तं मह्यं नाव बदल."

आता हे असं कोणी अर्पिताला म्हणायला नको होतं.

तिच्या डोक्यात भुंगा शिरला. गावाबाहेरच्या एका जिनिंग मिलच्या शेठच्या मुलीचं लग्न तिने एडिट केलं होतं आणि शेठाणीबाई त्या व्हिडिओवर बेहद्द खूश होत्या. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, मिल रिकामी पडलेली. चावी मिळाली. लग्नाचे हॅलोजन दिवे दुकानातच होते, त्यांच्यावर लावायला गणपतीच्या सजावटीचा लाल आणि निळा जिलेटिन कागद आणला. पहिल्यांदा मिलमध्ये लाल दिवा लावला तेव्हा कोपऱ्यात राहिलेला गेल्या सालचा रुईचा ढीग असा काही पेटल्यासारखा दिसला की अर्पिता जागच्या जागी नाचली. अभिषेकने कॅमेऱ्यामागून तो ढीग तीन-चार बाजूंनी टिपून ठेवला. काम त्याचं चोख, मग गोष्ट पटो न पटो.

गोष्ट साधीच होती. एका मुलीची शेवटची बस चुकते. एक बैलगाडीवाला तिला गाडीत घेतो, चेहरा काही दाखवत नाही. मिलसमोर गाडी थांबते आणि गाडीवाला गायब. आत उजेड दिसतो म्हणून मुलगी मिलमध्ये जाते, दार मागून बंद होतं. मग लाल खोली, निळी खोली, काळे हातमोजे घातलेला हात. मुलगी पळते, पळते, शेवटचं दार ढकलते आणि लख्ख पांढऱ्या उजेडात, कुलूपबंद मिलच्या आत, तेच दोन बैल तिच्याकडे बघत उभे. संपला सिनेमा.

"बैलं आत कसे आले?" अभिषेकने विचारलं.

"मालूम नाही."

"तुले मालूम नाही? पिच्चर तुहा हाय!"

"म्हूनच तं मजा हाय, दादा. हे भोक म्या ठेवून ठेवलं."

अभिषेकने कपाळावर हात मारला. पण काळे हातमोजे त्याचेच होते, थंडीत गाडी चालवायचे, आणि तो हातही त्याचाच.

बैल मिळाले घनश्याममामांचे. मामा म्हणजे दोघांच्या आयांचा धाकटा भाऊ, आर्णी रोडवरच्या गावात शेती करणारा. त्यांची हिऱ्या-चांद्याची पांढरीशुभ्र जोडी. पंचक्रोशीत त्या जोडीला तोड नाही असं मामा म्हणत आणि गावही फारसं नाही म्हणत नसे. गोष्टीतली मुलगी झाली मामांचीच लेक खुशी, कॉलेजात शिकणारी, किंचाळण्यात पहिल्यापासून पटाईत. पाठमोरा गाडीवाला स्वतः मामा. त्यांनी अट घातली ती एकच.

"हे पाह्य अर्पू, म्या पाठमोरा चालते. पन मह्या बैलाइचा चेहरा दिसला पाह्यजे. पुरा. सामोरून."

"शेवटचा शॉट त्याइचाच हाय मामा. पडदाभर चेहरा."

"वचन?"

"वचन."

मामांनी मग गावभर सांगितलं. सोयऱ्यांनाही फोन झाले. कोकिळामामी म्हणाली, पोरीच्या लग्नाची बोलणीसुद्धा यांनी एवढ्या हौसेनं कोणाला सांगायची नाहीत.

बैलगाडीचा सुरुवातीचा भाग पहिल्यांदा उरकला. मध्ये चार दिवस पावसाने झोडपून काढलं, त्यात पोळा आला. मामांच्या घरी पोळा म्हणजे बघायलाच नको. बैलांचे खांदे शेकले, अंग घासून काढलं, शिंगांना लालबुंद रंग दिला, त्यावर मामीने सोनेरी बेगड चिकटवली, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. अर्पिता आणि अभिषेकही तिकडेच जेवायला होते, अभिषेकने बैलांचे फोटोही काढले. पोळा झाला, पाऊस थांबला, दोघांनी मिलमधला उरलेला सगळा भाग आणि शेवटचा शॉट घेतला. हिऱ्या-चांद्या पांढऱ्या उजेडात असे उभे राहिले, जसे काही जन्मभर हेच काम करत आलेत. मामा आनंदाने लाल झाले. खुशी दुसऱ्या दिवशी अमरावतीला होस्टेलवर गेली, जाता जाता तिने केस खांद्यापर्यंत कापून घेतले.

आणि एडिटिंगला बसल्यावर अभिषेक एकदम म्हणाला, "मांगं घे."

अर्पिताने मागे घेतलं.

"आता शेवटचा शॉट लाव. आता पुन्हा पह्यला."

अर्पिताने लावला आणि चित्र तिथंच थांबवलं. सुरुवातीला गाडी ओढणाऱ्या बैलांची शिंगं साधी, करडी, धुळकट. शेवटी तीच शिंगं लालभडक आणि त्यावर बेगड चमचमतेय. आणि सिनेमातली रात्र एकच!

चार डोळे, एक कॅमेरा, वर बैलांचा धनी स्वतः हजर, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. येणार तरी कसं? पोळ्यानंतरच्या त्या दिवसांत सगळ्या तालुक्यात रंगवलेलीच शिंगं. रस्त्यावर, बाजारात, शेताच्या धुऱ्यावर, जिकडे बघावं तिकडे लाल, हिरवी, निळी. रंग न लावलेला बैल दिसला असता तर उलट कोणीतरी थांबून विचारलं असतं, काय हो, घरात काही झालं काय म्हणून.

"हे भोक बी ठेवून ठेवलं का?" अभिषेकने विचारलं. टोमणाच होता, पण त्याचं तोंडही उतरलेलं होतं.

अर्पिताला रडू आलं. लिफ्टमध्ये मेलेला माणूस छतावर उभा राहिला तर इटलीतल्या लोकांनी चालवून घेतलं असेल. इथं खेळ मिलच्या गोदामात व्हायचा होता आणि खुर्च्यांवर शेतकरी बसणार होते. ज्यांना समोरून येणारी जोडी कोणाची हे अर्ध्या मैलावरून कळतं, त्यांना शिंगं दिसणार नाहीत? एक जण ओरडणार, "अबे, मधातच पोळा झाला का बे!" आणि पत्र्याचं गोदाम हसण्याने दणाणणार. भयपटाला एकदा हसू आलं की तो मेला. सहा वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांवर पाकळ्या पाडल्यानंतर तिने स्वतःची म्हणून ही एकच गोष्ट केली होती, आणि ती आपल्याच माणसांपुढे हशात वाहून जाणार होती.

उपाय शोधायला दोघांनी आकाशपाताळ एक केलं. मामांना म्हणावं रंग पुसा, सुरुवातीचं पुन्हा घेऊ, तर मामा म्हणाले, "पोळ्याचा रंग हातानं पुसत नसते पोरी, तो आपला आपण जाते." शिवाय खुशीचे केस कापलेले. पुसला असता तरी काय उपयोग? अभिषेकने दोन दिवस बसून कॉम्प्युटरवर एकेका चित्रातला लाल रंग खोडून पाहिला. शिंगांच्या जागी सालं काढलेली केळी आल्यासारखी दिसू लागली. सुरुवात कापावी तर मुलगी मिलमध्ये आली कशी ते कळेना. शेवटचा शॉट कापावा, आणि मुलगी दार ढकलते तिथंच संपवावं, एवढा एकच धड मार्ग होता.

"अन् मामाले काय सांगू?" अर्पिता म्हणाली.

अभिषेकने लॅपटॉप जवळ ओढला. तो म्हणाला, "असं कर. शॉट राहू दे. पिच्चर लॅपटॉपवरून चालवाचा हाय. खुशी दार ढकलते, त्या टायमाले तू बटन दाब, पडदा काळा होईन. न दाबावं वाटलं तं नोको दाबू. तवाच्या तवा ठरव."

हा काही उपाय नव्हता, पण दुसरा कुठला नव्हताही.

रविवारी दुपारी मिलच्या गोदामात खेळ ठेवला. खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकली, लग्नाच्या मंडपाचं पांढरं कापड ताणून पडदा केला, डीजेवाल्याचे दोन मोठे स्पीकर आणले. मामांच्या गावचे लोक टेम्पोत भरून आले. मिलचे कामगार आले, अर्पिताचे आईवडील आले, स्टुडिओशेजारच्या दुकानदारांपैकी झाडून सगळे आले. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या विमलताई पहिल्याच रांगेत पदर सावरून बसल्या. मामांच्या डोक्यावर कोरी पांढरी टोपी. ते मधोमध बसले होते आणि शेजाऱ्याला सांगत होते, "आपला चेहरा शेवटी हाय, बरं का. पडदाभर."

अर्पिता मागे लॅपटॉपशी.

दिवे गेले. पडद्यावर अंधारा रस्ता, बैलगाडी आली आणि गोदामात नुसता जल्लोष! "हिऱ्या! चांद्या!" शिट्ट्या, टाळ्या. मामा खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात मामांचे शेजारी विठ्ठलराव खणखणीत आवाजात म्हणाले, "काहून बे घनश्याम, पिच्चरमंदी नेलते तं शिंगं तरी घासून न्याची!"

हशा पिकला. झालं! आता दोनशे डोळे नेमके शिंगांवर. अर्पिताने मान वळवून अभिषेककडे पाहिलं. त्याने नुसते डोळे मिटून घेतले.

पण मग मुलगी मिलमध्ये शिरली, दार धाडकन बंद झालं, आणि लाल उजेड पसरला. हसणं आपोआप विरलं. रुईचा ढीग पेटला. स्पीकरमधून अर्पिताने जिनिंगच्या जुन्या यंत्राचा आवाज सोडला होता, त्याचा वेग कमी करून, त्याखाली संबळ. तो आवाज खुर्चीच्या पायांतून अंगात चढत होता. काळा हातमोजा कडीवर आला तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई "अगं माय" म्हणाली. निळी खोली. पळणारी सावली. पुन्हा लाल. अर्पिता पडदा बघतच नव्हती. ती पाठमोरी डोकी बघत होती. एकही डोकं हलत नव्हतं. कोणाचा मोबाइल उजळला नाही. तिच्या अंगात आनंदाची अशी लाट आली की तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. चाललंय! आपल्या माणसांवर चाललंय!

आणि खुशी शेवटच्या दाराकडे धावू लागली.

बोट बटणावर. दाबलं तर ही भीती अशीच्या अशी पदरात पडणार होती, कोणी हसणार नव्हतं, उद्या सगळे म्हणणार होते की पोरीने कमाल केली. फक्त मामा उजेडात उठणार आणि विचारणार, "मह्ये बैलं कुठं हायेत वं?" तिला अंधारातही मामांची टोपी दिसत होती. ते पुढे झुकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, लहान मूल जत्रेत पाळण्याची वाट बघतं तसे.

खुशीने दार ढकललं. अर्पिताने बोट उचलून घेतलं.

लख्ख पांढरा उजेड. हिऱ्या आणि चांद्या. समोरून, पडदाभर, शांत, आणि शिंगं लालबुंद, त्यावर सोनेरी बेगड झगमगतेय.

अर्पिता हसण्याची वाट बघू लागली. एक खिदळणं कुठूनतरी आलं आणि मध्येच तुटलं. बाकी काही नाही. पडद्यावर बैल बघत होते आणि गोदामातले लोक बैलांकडे बघत होते. मग पहिल्या रांगेतून विमलताईंचा आवाज आला, अगदी हलका, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला.

"माय वं... याइची शिंगं कोनं रंगवली?"

पडदा काळा झाला.

अभिषेकने दिवे लावले तरी कोणी उठेना. आणि मग एकदम सगळेच बोलू लागले. "गाडी तं बिनरंगाची आलती!" "एका रातीत कोन रंगवीन?" "त्या हातमोजेवाल्यानं रंगवली." "तो कायले रंगवीन, त्याले का पोळा करायचा होता?" "आता पोळ्याले बैलाले कोन सजवते? धनी सजवते. म्हंजे ते बैलं आता त्याचे झाले!" हे विठ्ठलराव म्हणाले आणि ऐकणाऱ्यांत शहारा पसरलेला अर्पिताला मागून स्पष्ट दिसला. आपल्या गोठ्यातल्या जनावराची शिंगं रातोरात दुसऱ्याच कोणी रंगवून जावी, याच्याइतकी अंगावर येणारी गोष्ट त्या खुर्च्यांवरच्या माणसांना कुठल्याही लाल-निळ्या दिव्याने दाखवली नसती.

कुलूप असताना बैल आत कसे आले, ते मात्र एकानेही विचारलं नाही! अर्पिताने जीव लावून, मुद्दाम ठेवलेलं ते भोक कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. ते सिनेमात चालतंच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. शिंगं त्यांची होती, म्हणून शिंगांपाशी ते अडकले. भोकांनी काही बिघडत नाही म्हणून आपण महिनाभर घसा कोरडा केला आणि आपल्या सिनेमात जिवंत निघालं ते चुकून पडलेलं एक भोकच, हे लक्षात येऊन ती हसावं की रडावं या पेचात पडली. अभिषेकचंही तेच झालं असावं. कारण या भोकातून एकही माणूस बाहेर पडला नव्हता, सगळे आत कोसळले होते.

"ते काही नाही," विमलताई वळून म्हणाल्या. "अर्पिता, तूच सांग माय. कोनं रंगवली?"

सगळ्या माना मागे वळल्या. खरं सांगावं तर एका क्षणात सगळं वितळून जाणार. खोटं सांगायला जीभ वळेना. ती तोंड उघडणार तेवढ्यात मध्येच खुर्ची वाजली आणि घनश्याममामा उभे राहिले.

अर्पिताने डोळे मिटले. मामांनाच तर सगळं माहीत होतं.

"शिंगं म्या रंगवली," मामा म्हणाले.

गोदामभर सुस्कारा सुटला. कोणीतरी हसायला लागलं.

"पोळ्याले. या हातानं. बेगड हिनं लावली." मामांनी मामीकडे बोट दाखवलं. "पोट्टे आधी अर्धं शूटिंग करून गेलते, अन् पोळा झाल्यावर अर्धं. म्हून तसं दिसते. मले सारं मालूम हाय."

हसणं वाढलं. विठ्ठलरावांनी मांडीवर थाप मारली. अर्पिताला वाटलं, संपलं. पण मामा बसले नाहीत. ते टोपी काढून हातात फिरवत तसेच उभे राहिले, आणि बोलले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागला.

"मालूम हाय, पन ते दार उघडलं ना, अन् ते दोघं मह्याकडे पाह्यले, तवा मले वाटलं, म्या नाही रंगवली. खरंच सांगतो. आताबी वाटून राह्यलं."

हसणारे थांबले. मामांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता, त्यात सोंग अजिबात नव्हतं. ते खुर्च्यांमधून वाट काढत मागे आले, अभिषेकपाशी थांबले आणि खालच्या आवाजात बोलले, तरी अर्पिताला ऐकू आलं.

"अभि, तू मह्यासंग घरी चाल. बैलाइले पानी दाखवाचं हाय. मह्याच्यानं एकट्यानं गोठ्यात जावनार नाही."

अर्पिताचा आनंद आता कशातच मावत नव्हता. तिने तोंडावर हात दाबून धरला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून ती मामांच्या गळ्यात पडली.

अभिषेक, गोष्टीत कडी कुठून उघडली हे विचारल्याशिवाय एक घोट चहा न पिणारा अभिषेक, "मामा, शिंगं तुमीच रंगवली ना," असं म्हणेल म्हणून ती त्याच्याकडे बघत होती. तो तसं काही म्हणाला नाही. त्याने गाडीची चावी काढली, बाहेर रणरणत्या उन्हाकडे पाहिलं, आणि क्षणभर तिथंच घुटमळला.

"येतो मामा," तो म्हणाला. "पन अर्पे, तूबी चाल. अन् गोठ्यात आधी तू जाजो."